साखळी कुठे तुटावी

दुधाची रिकामी पिशवी आणि एस.टी.च्या टाकीतले डिझेल या दोन वस्तू आपल्याला एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक मुख्यतः लांबीचा आहे. डिझेलच्या रेणूत साधारणपणे दहा ते वीस-बावीस कार्बन अणू एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांना हायड्रोजन चिकटलेला असतो. पिशवीच्या पॉलिथिनमध्येही तीच जोडणी असते, मात्र ती थांबत नाही. ज्या पॉलिथिनचा रेणुभार एक लाख आहे, त्याच्या एका साखळीत सुमारे सात हजार कार्बन अणू असतात. एक किलो पॉलिथिन जाळल्यावर मिळणारी उष्णता एक किलो डिझेलच्या उष्णतेएवढीच भरते. कचऱ्याच्या ढिगावर पडलेली पिशवी म्हणजे कोणत्याही इंजिनाला वापरता न येणाऱ्या रूपातले इंधनच असते.

मग ही साखळी तोडली की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘प्लास्टिकपासून पेट्रोल’ या आशयाची बातमी आपल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येत असते आणि तिच्यामागची तळमळ बहुधा खरी असते. त्या बातमीत भट्टीचे तापमान असते, किती किलोतून किती लिटर मिळाले याचा आकडा असतो, पण ज्या घटकावर सारे अवलंबून आहे त्या उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया सोपी करणाऱ्या पदार्थाचा, उल्लेख ‘एक विशिष्ट पावडर’ एवढ्यावरच आटोपतो. माझे नोकरीचे आयुष्य मुंबईत माहुलच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात, उत्प्रेरकी भंजनाच्या, म्हणजे उत्प्रेरकाने जड तेलाचे मोठे रेणू तोडण्याच्या, विभागात गेले. त्या पावडरीविषयी मला जिव्हाळा आहे आणि तिची बाजू नीट मांडली जात नाही याची खंतही आहे. म्हणून हा लेख प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

पावडर न घालता, हवेचा संपर्क टाळून पॉलिथिन नुसते तापवले, तर साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्याच्या साखळ्या झपाट्याने तुटू लागतात. दोन कार्बन अणूंमधला एक बंध मोडायला प्रति मोल सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि साखळीतले हजारो बंध जवळपास सारखेच असल्यामुळे अमुकच बंध तोडावा असे उष्णतेला काही कारण नसते. ती कुठेही तोडते. तुटलेल्या टोकांवर एकेक जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन असतो. अशी टोके म्हणजे मुक्त मूलके. ती शेजारच्या साखळीतून हायड्रोजन ओढून घेतात, त्या साखळीवर नवे मूलक तयार होते, तीही तुटते, आणि हा क्रम पुढे चालत राहतो. शेवटी हाती येते ते एका टोकाला स्वयंपाकाच्या गॅससारख्या वायूंपासून दुसऱ्या टोकाला घट्ट मेणापर्यंत पसरलेले मिश्रण. त्यातल्या बऱ्याच रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध राहून जातात. असे तेल साठवून ठेवले की हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू अभिक्रिया होऊन त्यात डिंकासारखा चिकट गाळ धरतो आणि तो इंधनाच्या गाळण्या व नोझल तुंबवतो.

नुसत्या उष्णतेवर चालणारी अशी एक भट्टी निवृत्तीनंतर मी एका औद्योगिक वसाहतीत पाहिली. जाड पोलादाचे आडवे भांडे, खाली आग, वर निघणाऱ्या वाफा थंड करणाऱ्या नळ्या आणि शेवटी पिंपात पडणारे गडद तपकिरी तेल. थंडीचे दिवस होते आणि आदल्या दिवशीच्या पिंपातले तेल सकाळपर्यंत निम्मे गोठून पिवळट मेण झाले होते. मालक प्रामाणिक गृहस्थ होते. हे तेल बॉयलरला चालते, गाडीला नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. मला अधिक अस्वस्थ केले ते भांडे साफ करण्याच्या कामाने. प्लास्टिक उष्णतेचे अतिशय मंद वाहक असल्यामुळे भांड्याच्या तळाशी ते जरुरीपेक्षा जास्त तापते, मधल्या भागात मात्र कच्चेच राहते, आणि तळावर कोळशाचा कडक थर बसतो. भांडे गार झाल्यावर आत उतरून तो थर खरवडणाऱ्या कामगाराच्या तोंडाला साधा रुमाल बांधलेला होता. या क्षेत्राविषयी बोलताना लिटरचे आकडे सांगणाऱ्या प्रत्येकाने त्या खरवडण्याचीही व्यवस्था सांगितली पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

साखळी हवी तिथे तोडण्याची विद्या प्लास्टिकच्या कचऱ्यातून आलेली नाही, ती खनिज तेलातून आली. फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री याने मातीसारख्या आम्लधर्मी उत्प्रेरकावरून जड तेलाच्या वाफा नेऊन त्यांचे पेट्रोल करण्याची पद्धत बसवली, आणि तिचा पहिला मोठा कारखाना १९३७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मार्कस हुक येथे सुरू झाला. १९४२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज येथे उत्प्रेरकाची बारीक भुकटी वाफांबरोबर द्रवासारखी वाहवत नेणारा पहिला कारखाना उभा राहिला. मी ज्या यंत्रणेवर काम केले ती त्याच कुळातली. तिथे भुकटीचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असतो. तापलेल्या भुकटीला तेल भेटते, दोन-तीन सेकंदांत अभिक्रिया उरकते आणि तेवढ्यात प्रत्येक कणावर कार्बनचा काळा लेप चढून तो निकामी होतो. मग ती भुकटी दुसऱ्या पात्रात जाते, तिथे हवा फुंकून तो लेप सुमारे सातशे अंशांवर जाळून टाकतात, आणि त्या जळण्यातून मिळालेली उष्णता घेऊन भुकटी पुन्हा तेलाकडे येते. भंजनाला लागणारी उष्णता भंजनातूनच उरलेला कार्बन पुरवतो. चाळीस-पन्नास मीटर उंचीच्या त्या यंत्रणेत दिवसरात्र चाललेले हे चक्र नियंत्रणकक्षातल्या आकड्यांवरून अनुभवणे हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद होता.

या भुकटीचा प्राण म्हणजे झिओलाइट. १९६० च्या दशकात कृत्रिम झिओलाइट तेलशुद्धीकरणात आले आणि त्यांनी जुने उत्प्रेरक भराभर मागे टाकले. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची अशी स्फटिकरचना, जिच्यात रेणूच्या मापाच्या सारख्या आकाराच्या पोकळ्या आणि बोगदे असतात. या रचनेत जिथे जिथे सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियमचा अणू बसतो, तिथे एक ऋणभार शिल्लक राहतो. त्याची भरपाई हायड्रोजनच्या धनभाराने केली की ती जागा तीव्र आम्ल बनते. अशा आम्ल जागेच्या संपर्कात हायड्रोकार्बनची साखळी आली की तिच्यातल्या एखाद्या कार्बनवर धनभार निर्माण होतो. हा धनभारित कार्बन आपल्या शेजारचा बंध न तोडता त्याच्या पलीकडचा बंध तोडतो, आणि तोडण्यापूर्वी साखळीला फांदी फोडून स्वतःसाठी अधिक स्थिर जागा शोधतो. मुक्त मूलकांच्या बेशिस्त तोडफोडीशी याची तुलना केली की उत्प्रेरकाचे महत्त्व ध्यानात येते. तापमान कमी लागते, मेण कमी होते, पेट्रोलच्या मापाचे रेणू वाढतात, आणि फांद्या फुटल्यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक (इंजिनात वेळेआधी न पेटण्याचे माप) सुधारतो व डिझेल थंडीत लवकर गोठत नाही.

आपल्या महाराष्ट्राचे झिओलाइटशी फार जुने नाते आहे, आणि ते किती थोड्या लोकांना ठाऊक आहे याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, ते निवताना त्यांत वायूंच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट असे झिओलाइट स्फटिकरूपाने भरले. पुण्याजवळ वाघोलीच्या, नाशिकच्या आणि जळगावच्या खाणींतून निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आपल्यालाही पाहता येतात. कारखान्यात वापरले जाणारे झिओलाइट मात्र कृत्रिमरीत्या वाढवलेले असतात, कारण तिथे शुद्धता, कणाचा आकार आणि आम्ल जागांची संख्या या तिन्ही गोष्टी ठरवून मिळवाव्या लागतात. त्या विद्येतही पुणे मागे राहिलेले नाही. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात झायलीन या वलयी हायड्रोकार्बनसाठी वापरात आला. स्वदेशी उत्प्रेरक कारखान्यात चालू शकतो, हा विश्वास आमच्या पिढीतल्या रसायन-अभियंत्यांना त्या कामाने दिला.

खनिज तेलासाठी घडवलेली ही विद्या प्लास्टिकला जशीच्या तशी लावता येत नाही. पहिली अडचण मापाची आहे. झेडएसएम-५ या बहुपरिचित झिओलाइटच्या बोगद्याची रुंदी सुमारे ०.५५ नॅनोमीटर असते. जड तेलाचे रेणू वाफ होऊन कणाच्या आतवर पोहोचतात. वितळलेले पॉलिथिन मात्र घट्ट, चिकट असते आणि त्याच्या हजारो अणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सुईत दोरा ओवताना जसे त्याचे टोकच सापडावे लागते, तसे या साखळीचे एखादे मोकळे टोक बोगद्याच्या तोंडाशी आले तरच ती आत शिरते. पॉलिप्रोपिलिन या पॉलिथिनच्याच जातीच्या प्लास्टिकच्या साखळीला एकाआड एक कार्बनवर फांदी असल्यामुळे तिला तेही अधिक अवघड जाते. त्यामुळे पहिली तोडफोड कणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर होते आणि आतल्या बहुसंख्य आम्ल जागा सुरुवातीला नुसत्या वाट पाहत राहतात. यावर उपाय म्हणून संशोधकांनी झिओलाइटचे कण अतिशय बारीक केले, त्यांत मुद्दाम रुंद वाटा कोरल्या, किंवा आधी उष्णतेने साखळ्या वाफेच्या मापापर्यंत तोडून मग त्या वाफा उत्प्रेरकावरून नेल्या. यांपैकी तिसरा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, कारण त्यात कचऱ्यातली माती, शाई आणि धातू पहिल्या भांड्यातच मागे राहतात आणि महागडा उत्प्रेरक त्यांच्यापासून वाचतो.

झिओलाइट निवडताना इंधन कोणते हवे हेही ठरवावे लागते. झेडएसएम-५ च्या अरुंद बोगद्यांत साखळ्या फार बारीक कापल्या जातात. त्यातून वायू आणि बेंझीन-टोल्युईनच्या वर्गातले वलयी रेणू अधिक मिळतात. रुंद छिद्रांच्या वाय झिओलाइटवर पेट्रोलच्या पट्ट्यातले रेणू जास्त येतात, पण त्याच्यावर कार्बनचा लेपही लवकर चढतो. सौम्य आम्लतेच्या साध्या सिलिका-अॅल्युमिनावर डिझेलच्या बाजूचे जड तेल अधिक राहते.

दुसरी अडचण क्लोरीनची आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली ती सर्वांत मोठी अडचण आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. शंभर किलो मिश्र प्लास्टिकमध्ये एक किलो पीव्हीसी आले, तरी अर्ध्या किलोहून अधिक क्लोरीन भट्टीत शिरले. पॉलिथिन तुटण्याच्या कितीतरी आधी, अडीचशे ते तीनशे अंशांच्या आसपास, पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. तो ओलाव्याबरोबर मिळून पोलाद खातो, उत्प्रेरकाची रचना बिघडवतो आणि काही अंशी तेलाच्या रेणूंना जोडला जाऊन थेट इंधनातच उतरतो. असे इंधन पुढे ज्या इंजिनात किंवा बॉयलरमध्ये जळेल, तिथेही आम्लच निर्माण होईल. पहिल्या टप्प्यात मिश्रण तीनशे अंशांपर्यंत तापवून हा वायू वेगळा काढणे आणि चुन्यात शोषून घेणे शक्य आहे, पण त्याने सगळे क्लोरीन जात नाही. त्यापेक्षा पीव्हीसी भट्टीपर्यंत न येणे हेच चांगले. आपल्या घरात ते औषधी गोळ्यांच्या पाकिटांत, टेबलावरच्या पारदर्शक आच्छादनात, जुन्या रेनकोटात, वायरींच्या वेष्टणात आणि नळाच्या तुकड्यांत असते. पाण्याच्या बाटलीचे पीईटीही या भट्टीला नको असते. त्याच्यात ऑक्सिजन असल्यामुळे त्यातून टेरेफ्थॅलिक आम्लासारखे घन पदार्थ निर्माण होतात आणि ते नळ्यांमध्ये जमून वाट बंद करतात. सुदैवाने बाटलीला भंगारात चांगला भाव मिळतो, त्यामुळे ती बहुधा आधीच उचलली जाते.

इथे रसायनशास्त्र प्रयोगशाळेतून निघून कचऱ्याच्या गाडीपाशी येते. पीव्हीसी वेगळे करणारा कोणताही उत्प्रेरक नाही. ते काम माणसाचे हात करतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक वेगळे करणारे कामगार स्पर्शावरून, वाकवून, आवाज ऐकून त्याचा प्रकार ओळखतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते आणि तिच्यातूनच पुढे घरोघर कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारले, की यातले कोणते प्लास्टिक तुम्ही घेत नाही. त्यांनी वेफर्सचे पाकीट उचलून दाखवले आणि सांगितले, “साहेब, याला कुणी विचारत नाही.” ते पाकीट म्हणजे पॉलिप्रोपिलिन, पॉलिथिन, कधी पॉलिएस्टर, त्यावर अॅल्युमिनियमचा सूक्ष्म थर आणि वर शाई. हे थर एकमेकांपासून सुटे करणे परवडत नाही, म्हणून ते वितळवून नव्या वस्तू करणाऱ्यांना नको असते.

आणि याच ठिकाणी या विषयातली खरी विसंगती आहे. संशोधन-निबंधांत उत्प्रेरकाचे उत्तम आकडे येतात ते बहुतेक वेळा शुद्ध, पांढऱ्याशुभ्र पॉलिथिनच्या दाण्यांवर. पण शुद्ध पॉलिथिन हाती असेल तर त्याचे तेल करण्याचे कारणच नाही. ते वितळवून त्याच्या बादल्या, नळ्या, पिशव्या करणे कमी ऊर्जेत होते आणि कार्बनही वस्तूत राहतो. इंधनाचा मार्ग ज्याला खरोखर शोभतो ते प्लास्टिक म्हणजे कुणालाच नको असलेले, मळलेले, अनेक थरांचे प्लास्टिक, आणि नेमके तेच उत्प्रेरकाला सर्वांत जास्त त्रास देते. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण संशोधकांना माझे आग्रहाचे सांगणे असते, की आपला उत्प्रेरक कचरा-वर्गीकरण केंद्रातून आणलेल्या पोत्यावर चालवून पाहा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

आपल्याकडे प्रयत्न कमी झालेले नाहीत. नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांच्या प्रयोगांनी या शतकाच्या सुरुवातीला हा विषय सामान्य वाचकापर्यंत नेला. आपल्या भाषेतल्या वाचकांना या विषयाची पहिली ओळख बहुधा त्यांच्यामुळेच झाली. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घराघरांतून प्लास्टिक गोळा करून त्यापासून इंधन तयार करण्याचे काम उभे केले. नागरिकांनी ते वेगळे आणि कोरडे ठेवावे यावर त्यांनी जो भर दिला, तो मला त्यांच्या भट्टीइतकाच मोलाचा वाटतो. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ‘गेल’ कंपनीच्या सहकार्याने २०१९ मध्ये रोज एक टन प्लास्टिकपासून डिझेल तयार करण्याचा प्रकल्प सुरू केला आणि एका टनातून सुमारे ८०० लिटर डिझेल मिळेल असे सांगितले. डिझेलचे एक लिटर साधारण ८०० ते ८४० ग्रॅम भरते हे लक्षात घेतले, तर हजार किलोतले सहाशे चाळीस ते सहाशे सत्तर किलो द्रवात आले आणि उरलेले वायूत व कोळशात गेले, असा हिशेब होतो. हा हिशेब मला विश्वासार्ह वाटतो, कारण तो सगळेच्या सगळे तेल झाले असा दावा करत नाही. वायू वाया जात नाही, तो जाळून भट्टी तापवता येते.

गेल्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांतून जे आले आहे, त्याने मला विद्यार्थ्याइतकाच उत्साह दिला आहे. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनच्या व्हेरोनिक द्युफो आणि जाँ-मारी बासे यांनी झिर्कोनियमचा एक उत्प्रेरक वापरून, हायड्रोजनच्या साहाय्याने, केवळ १५० अंशांवर पॉलिथिनच्या साखळ्या तोडून दाखवल्या. ज्या प्रकारच्या धातुरसायनाने झीग्लर आणि नाट्टा या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात या साखळ्या विणायला शिकवले, त्याच प्रकारच्या रसायनाने त्या उसवल्या जातात, हे पाहून कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला भरून यावे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बारा येथे सुझाना स्कॉट यांच्या गटाने अॅल्युमिनावरच्या प्लॅटिनमने २८० अंशांवर पॉलिथिनचे साबण-उद्योगाला उपयोगी पडू शकतील असे लांब शेपटीचे वलयी रेणू बनवले, आणि त्यासाठी बाहेरून हायड्रोजन द्यावा लागला नाही. साखळीच्या एका भागातून सुटलेला हायड्रोजन दुसऱ्या भागाला तोडायला पुरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात डायोनिसिओस व्लाकोस यांच्या गटाने प्लॅटिनम, टंगस्टनयुक्त झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड) आणि वाय झिओलाइट एकत्र वापरून, हायड्रोजनच्या दाबाखाली, २२५ ते २५० अंशांवर पॉलिथिनपासून पेट्रोल, विमानाचे इंधन आणि डिझेल यांच्या मापाचे द्रव मिळवले, आणि उत्पादन ८५ टक्क्यांपर्यंत गेले. यातल्या कामाची वाटणी फार सुंदर आहे. प्लॅटिनम साखळीतून हायड्रोजन काढते आणि घालते, झिर्कोनिया मोठी साखळी तोडते, आणि तुटलेले मध्यम तुकडे झिओलाइटच्या पोकळ्यांत शिरून हव्या त्या मापाचे होतात. नुसत्या उष्णतेला चारशे-पाचशे अंश लागतात तिथे हे काम निम्म्या तापमानात होते. मात्र प्लॅटिनम महाग असते, हायड्रोजन तयार करायलाही ऊर्जा लागते, आणि क्लोरीन व गंधक प्लॅटिनमसारख्या धातूंना झिओलाइटपेक्षाही लवकर निकामी करतात.

आता जो प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, त्याकडे येतो. कचऱ्याचे इंधन करून ते शेवटी जाळायचेच असेल, तर यात पर्यावरणाचे भले काय? प्रश्न रास्त आहे. पॉलिथिनच्या वजनात जवळपास ८६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे एका किलोचे इंधन पूर्ण जळले की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि हा कार्बन जमिनीखालच्या तेलातूनच आलेला असतो. उत्प्रेरक कितीही गुणी असला तरी हा हिशेब बदलत नाही. ज्यांना प्लास्टिकपासूनचे इंधन ‘हरित’ वाटते, त्यांच्याशी मी सहमत नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या, म्हणजे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घेण्याच्या, नियमांत प्लास्टिकचे तेल करणे हा पुनर्वापर न धरता अंतिम विल्हेवाटीचा प्रकार मानला आहे, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. त्यामुळे चांगले, वितळवता येणारे प्लास्टिक भट्टीत ढकलण्याचा मोह कमी होतो.

परंतु तुलना कशाशी करायची हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग आम्ही पूर्व उपनगरांतल्या लोकांनी अनेक दिवस श्वासातून अनुभवली. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि उपग्रहांच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. त्या आगीत जळणाऱ्या प्लास्टिकचा कार्बन डायऑक्साइड तर हवेत गेलाच, शिवाय अर्धवट जळण्यातून निघणारी काजळी आणि विषारी क्लोरीनयुक्त संयुगेही आमच्या आणि गोवंडीतल्या मुलांच्या फुप्फुसांत गेली. गावोगावी उकिरड्यावर संध्याकाळी पिशव्या पेटवल्या जातात, तिथेही लहान प्रमाणावर हेच घडते. जे पाकीट कुणीच घेत नाही आणि जे उद्या उघड्यावर जळणार आहे, त्याचे बंदिस्त पात्रात तेल होणे आणि तेवढे खनिज तेल जमिनीत राहणे, हे माझ्या मते निःसंशय चांगले आहे. एवढ्याच मर्यादेत मी या तंत्राचा पुरस्कर्ता आहे, आणि त्या मर्यादेत मनापासून आहे.

याहून एक पाऊल पुढेही जाता येते. लहान गावांत किंवा तालुक्याच्या ठिकाणी, जिथे कचरा निर्माण होतो तिथेच, पहिल्या टप्प्याची साधी पण बंदिस्त आणि कामगाराला आत न उतरवणारी यंत्रणा असावी. तिने विक्रीयोग्य पेट्रोल-डिझेल करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण भारत स्टेज सहा मानकांप्रमाणे डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपर्यंतच चालते आणि इतरही अनेक कसोट्या असतात. तेवढी तपासणी आणि शुद्धी शेडमधल्या भट्टीला झेपत नाही. तिने फक्त कच्चे तेल तयार करावे आणि ते मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्याला द्यावे. तिथे आधीच उभ्या असलेल्या उत्प्रेरकी भंजनाच्या यंत्रणेत ते नेहमीच्या जड तेलात थोड्या प्रमाणात मिसळता येते. दुहेरी बंध, मेण, लांब साखळ्या या सगळ्यांवर काम करण्यासाठीच ती भुकटी घडवलेली आहे, आणि तिच्यावर बसणारा कार्बन जाळण्याची सोयही तिथे आहे. शिवाय या यंत्रणेतून प्रोपिलिन मिळते, ज्यापासून पुन्हा पॉलिप्रोपिलिन करता येते, म्हणजे कार्बनचा काही भाग तरी धुराऐवजी वस्तूत परत जातो. माहुल, विशाखापट्टणम, कोची, पानिपत, जामनगर अशा ठिकाणी ही पात्रे आजही चालू आहेत, आणि त्यांच्या एकूण तेलात प्लास्टिकच्या तेलाचा वाटा एक-दोन टक्के धरला तरी अनेक शहरांचे नकोसे प्लास्टिक त्यात सामावू शकेल.

यासाठी शुद्धीकरण कारखान्याला तेलाच्या प्रत्येक टँकरमागे क्लोरीन, नायट्रोजन आणि धातू यांचे प्रमाण सांगणारी चाचणी लागेल. ती चाचणी उत्तीर्ण व्हायची तर पीव्हीसी आधी वेगळे निघाले पाहिजे आणि प्लास्टिक कोरडे आले पाहिजे, कारण एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते आणि ती प्लास्टिक तोडायला मिळत नाही. वर्गीकरण करणाऱ्या हातांना आज वेफर्सच्या पाकिटाचा काहीच मोबदला मिळत नाही. तेलाच्या दरातला ठरावीक भाग त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची तरतूद उत्पादक-जबाबदारीच्या करारातच लिहिली गेली, तर ते पाकीटही गोळा होईल आणि त्यात मिसळलेली गोळ्यांची पाकिटेही वेगळी निघतील. उत्प्रेरकावरच्या पुढच्या संशोधन-प्रस्तावांत या वर्गीकरणाचा खर्च स्वतंत्र रकाना करून धरावा, अशी सूचना मी माझ्या ओळखीच्या प्राध्यापकांना केली आहे, आणि त्यांच्यातल्या काहींनी ती मान्यही केली आहे.